पाचशे पानांची खपलीची खीर



यंदा चैत्रात सप्ताहाच्या काल्याला गावात खपली गव्हाची खीर केली. पाचशे पान जेवून उठलं. फोटो बघून बऱ्याच जणांनी प्रमाण विचारलं, म्हणून सगळं एकदाच लिहितोय.

बैठकीत आधी ठरत होतं की तयार गुलाबजाम आणायचे. डबे येतात, वाढले की झालं. पोरांचं म्हणणं खोटं नव्हतं, रात्री चुलीपुढं बसायला माणूस मिळत नाही. पण आमच्या गावात खपली पेरणारी आता तीनच घरं राहिलीत, त्यातलं एक माझं. उतारा साध्या गव्हापेक्षा कमी, मळणी झाली तरी टरफल दाण्याला चिकटून राहतं, ते काढायला वेगळं कांडप. एवढं करून पंगतीतनं पण ती गेली तर पेरायची कुणासाठी? मी म्हणलं, गहू माझा, गूळ तुम्ही द्या, हलवायला मी उभा राहतो. थोरले चुलते, वय 78, म्हणाले, "मी खुर्ची टाकून बसतो, तू हलव." ठरलं.

आता प्रमाण. माणशी 40 ग्रॅम कांडलेला गहू धरायचा. पाचशेला 20 किलो. टरफलासकट 31 किलो कांडपाला दिला, पाखडून 20 किलो आणि थोडा वर हाताला लागला. गूळ 22 किलो, ओले नारळ 20, खसखस अर्धा किलो, सुंठ 150 ग्रॅम, वेलची 100 ग्रॅम, जायफळं चार आणि मूठभर मीठ. तयार खीर शंभर लिटरच्या आसपास होते. हे सगळं एकाच भांड्यात घालू नका. दोन पातेली, दोन चुली. भांडं काठोकाठ भरलं की तळ करपतो आणि वरचा दाणा कच्चा राहतो, हलवणाऱ्याचा हातही खालपर्यंत पोचत नाही.

गहू आदल्या संध्याकाळी भिजत घातला. रात्री दोनला चूल पेटवली. पाणी आधी खळखळ उकळून घेतलं, मग गहू. साधारण दोन तास शिजला. पाणी कमी पडलं तर वरनं उकळतंच घालायचं, गार पाणी घातलं की शिजण्याचा दम मोडतो. त्यासाठी तिसऱ्या चुलीवर पाण्याचा हंडा कायम ठेवला होता.

सगळ्यात महत्त्वाचं, गुळाची घाई करू नका. गूळ पडला की दाणा पुढं मऊ होत नाही, मग कितीही जाळ घाला. साडेचारला मला वाटलं, झालं. तात्यांनी एक दाणा अंगठा आणि बोटात दाबला, मधी पांढरा ठिपका दिसला. म्हणाले, "अजून थांब." वीस मिनिटांनी परत दाबला, लोण्यासारखा पसरला. तेव्हा गूळ.

गूळ खडे तसेच टाकायचे नाहीत. गरम पाण्यात विरघळवून फडक्यातनं गाळून घ्यायचा, उसाचं चिपाड आणि बारीक खर खाली राहते. गूळ घातला की चुलीतली लाकडं बाहेर ओढायची, फक्त निखारा ठेवायचा. आता करपायची भीती खरी. लांब दांड्याचं लाकडी उलथणं तळाला खरवडत फिरवायचं, नुसतं वरवर नाही. ओलं खोबरं, खसखस, सुंठ, वेलची शेवटी. खोबरं घातलेली खीर उन्हाळ्यात लवकर आंबते, म्हणून सकाळी करून दुपारच्या पंगतीत संपवायची. उरलेली रात्रीसाठी ठेवू नका.

दूध पातेल्यात घालायचं नाही. गरम गुळात ते फाटू शकतं, आणि फाटलं तर एका माणसाचं नाही, पाचशे माणसांचं जातं. दूध, तूप वाढताना पानात. खीर गार होईल तशी आळते, तेव्हा हंड्यातलं गरम पाणी घालून सैल करायची.

आमच्याकडं हिला खीर म्हणतात, खाली कर्नाटकात हुग्गी. हल्ली शहरातले लोक खपली शुगरवाल्यांसाठी म्हणून मागतात. एक सांगतो, या खिरीत गहू जेवढा त्याहून जास्त गूळ आहे. शुगर असलेल्यांनी प्रसादापुरतीच घ्यावी. आणि खपलीत ग्लुटेन असतं, ते ज्यांना चालत नाही त्यांनी ती खाऊच नये.

पंगतीत नववीतल्या एका पोरीनं विचारलं, "काका, हा तांदूळ आहे का गहू?" पाच किलोमीटरच्या शिवारात पिकलेला दाणा आणि पोरीला ओळखू येईना. वाईट वाटलं, पण दुसऱ्यांदा वाटी पुढं केली तिनंच.

काल्यानंतर दोन घरांनी बियाणं मागितलंय. त्यांच्यासाठी टरफलासकट बाजूला ठेवलंय. कांडलेला दाणा पेरायला घेऊ नका, कांडताना कोंब दुखावतो. नोव्हेंबरात पेरणी. तीनाची पाच घरं झाली तर पुढच्या काल्याला गहू एकट्याच्या कणगीतनं काढावा लागणार नाही.

तात्यांनी आता सांगितलंय, पुढच्या वर्षी उलथणं एखाद्या पोराच्या हातात द्यायचं आणि खुर्ची मी टाकायची. कोण येतंय ते आत्ताच सांगून ठेवा.