जांभळाचा बर्फ

आमच्या घरी जे होतं त्याला सॉर्बे म्हणतात, हे मला मुलीने सांगितलं. ती पुण्याहून सुट्टीला आली होती. फ्रीजरमधला डबा उघडून, चमचाभर तोंडात टाकून म्हणाली, ‘‘आई, हे तर जांभळाचं सॉर्बे!’’ तोवर तो नुसता ‘जांभळाचा बर्फ’ होता. नंतर पाहिलं तर हे सॉर्बे म्हणजे आपलं सरबतच निघालं. अरबी-तुर्की मुलखातून ते इटलीत गेलं, तिथून फ्रान्सला, आणि शेवटचा ‘त’ तिकडेच ठेवून परत आलं.

आमच्याकडे मात्र ते सातपाटीहून आलं.

बाबा बोईसरला एमआयडीसीत नोकरीला होते. चाळीत चार बिऱ्हाडं आणि चौघांत मिळून एक आइसक्रीमचा पॉट: लाकडी बादली, आत उभा डबा, वर फिरवायचा दांडा. फ्रीज कुणाकडेच नव्हता. बाबांबरोबर कामाला असलेले एक काका सातपाटीचे. तिथे मच्छीमारांच्या होड्यांसाठी बर्फाचे कारखाने. काका लादीचा तुकडा गोणपाटात गुंडाळून पालघरला गाडीत चढायचे आणि दाराशी उभे राहायचे. उमरोळी आणि मग बोईसर, मध्ये दुसरं स्टेशन नाही, पण गाडी रखडली की त्यांच्या चपलेभोवती तळं व्हायचं. घरी पोचेस्तोवर लादीचे कोपरे गोल झालेले असत. गोणपाटाला बोंबलाचा वास यायचा. आईची ताकीद असे, ‘‘तो बर्फ बाहेरच राहू दे, फळाला लागता कामा नये.’’

तो बाहेरच राहायचा. डब्याभोवती बर्फाचा थर, त्यावर खडेमीठ, पुन्हा बर्फ. मिठाचं खातं बाबांकडे. दुसऱ्या कुणाला ते मिठाच्या पिशवीला हात लावू देत नसत. त्यांचं म्हणणं, ‘‘बर्फाला वितळायची घाई लावायची. वितळायला ऊब लागते, ती तो डब्यातून ओढून घेतो.’’ पुढे शाळेत शिकले तेव्हा कळलं की बाबांचं बरोबर होतं. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली वितळतो, आणि प्रमाण साधलं तर ते खारं पाणी उणे वीसपर्यंत उतरतं. दांडा पुरुषांनी आळीपाळीने फिरवायचा. शेवटी तो जड झाला की सगळ्यात धिप्पाड माणसाला हाक जायची.

१९७९ च्या मेअखेरीस एकदा सगळी मांडामांड झाली आणि आटवायला ठेवलेलं दूध फाटलं. बर्फ तर वितळत चाललेला. आईने सकाळी जांभळांचं सरबत करून ठेवलं होतं, पाहुण्यांसाठी. तिने ते न बोलता डब्यात ओतलं. अर्ध्या तासाने झाकण निघालं, तर आत गडद जांभळी, भुसभुशीत, रवाळ अशी वस्तू. पोरांनी डबा चाटूनपुसून साफ केला. फाटलेल्या दुधाची आठवण कुणालाच राहिली नाही, आईला सोडून.

जांभळं तेव्हा स्टेशनबाहेर वारली बायका पानांच्या द्रोणात विकायच्या. आता बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे, खोक्यातून मुंबईला जातं, आणि भाव विचारला की आपण आपसूक पाव किलोवर येतो. तिथे झाडाला बांबूची परांची बांधून फळ हाताने उतरवतात. जांभूळ पडलं की फुटलं, आणि फुटलेलं कोण घेणार? भावाबद्दल म्हणूनच मी फार कुरकुरत नाही. बर्फासाठी मात्र मला ते फुटलेलंच हवं असतं. एकदोन पाऊस पडले की फळात अळी धरते, त्यामुळे सगळा कारभार तीनेक आठवड्यांचा.

लग्न होऊन मी पालघरला आले, घरात फ्रीज आला, आणि बर्फ बिघडला. सरबत तसंच फ्रीजरमध्ये ठेवलं की त्याचा दगड व्हायचा. पॉटमध्ये दांडा सतत फिरत असे, म्हणून बर्फाचे स्फटिक मोठे होत नसत. इथे त्यांना रान मोकळं. त्यात २००५-०६ चं भारनियमन. पलीकडे तारापूरला ५४० मेगावॅटच्या दोन नव्या अणुभट्ट्या सुरू होत होत्या आणि इकडे माझ्या फ्रीजरमधून जांभळा ओघळ लादीवर येत होता. वीज आली की ते पुन्हा गोठायचं, आणखी मोठ्या खड्यांनी. सासूबाई म्हणायच्या, ‘‘अगं, हे चोखायचं की फोडायचं?’’

आता माझं गणित बसलंय. जांभळं मिठाच्या पाण्यातून काढून हाताने कुस्करायची आणि पुरणाच्या चाळणीवर घासायची. बिया शेजारच्या आजी मधुमेहावर म्हणून वाळवायला नेतात. अर्धा किलो गराला सव्वाशे ग्रॅम साखर, ती अर्धी वाटी पाण्यात विरघळवून, गार करून. अर्धं लिंबू, चिमूटभर काळं मीठ. साखर कमी पडली तर दगड, जास्त झाली तर रात्रभर चिखल. मिश्रण नुसतं चाखताना किंचित जास्त गोड लागलं पाहिजे, कारण थंडीत जिभेला गोडी कमी कळते. तुरटपणा मात्र कुठे जात नाही. पसरट डब्यात ओतायचं, कडेने गोठू लागलं की काट्याने खरवडायचं, आणि पुढे दर अर्ध्या तासाने तेच, चार-पाच वेळा. मिक्सरमध्ये एकदम फिरवूनही होतं, लोण्यासारखं मऊ. मला ते आवडत नाही. दाताखाली रवा आला पाहिजे.

गेल्या जूनमध्ये बाबांना वाटीभर दिलं. वय चौऱ्याऐंशी, ऐकू कमी येतं. पहिला चमचा त्यांनी बराच वेळ तोंडात धरला.

‘‘फिरवलं कुणी?’’

‘‘कुणी नाही. काट्याने खरवडलं, फ्रीजरमध्ये.’’

‘‘मीठ किती लागलं?’’

‘‘चिमूटभर.’’

त्यांनी चमचा खाली ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या फ्रीजकडे मान वळवून पाहिलं.

‘‘चिमूटभरात गोठलं?’’