खांडसची वाट

आमच्या कर्जत-खालापूरच्या वारकऱ्याला आषाढी अवघडच. देहू-आळंदीहून पालख्या निघतात तेव्हा इथे खाचरांत चिखलणी सुरू असते, आणि एकादशीच्या सुमारास लावणी ऐन भरात. म्हणून आम्ही कार्तिकी नाहीतर माघी धरतो. वडिलांच्या गळ्यात माळ येऊन पन्नास वर्षे झाली. आषाढीचे पंढरपूर मात्र त्यांनी पाहिलेले नाही.

लावणी उरकली की श्रावणात ते खांडसहून डोंगर चढून भीमाशंकरला जात. चढ सुमारे तीन हजार फुटांचा. शिडीघाट जवळचा, पण लोखंडी शिड्या आणि निसरडा कातळ. पावसात त्या वाटेला जाऊच नये, तरुण पोरे काहीही म्हणोत. गणेशघाट लांबचा, पण सोशीक. वाटेत गणपतीचे देऊळ, समोर पदरगड. दोन्ही वाटा पठारावर मिळतात, पुढे दाट रान. शेकरू दिसले तर भाग्य. चढताना वडील बोलत नसत. नाम श्वासाबरोबर चाले. दम लागला की नामही संथ होई.

हा डोंगरकणा पाण्याची वाटणी करतो. आमच्या अंगाला पडलेला पाऊस उल्हास नदीतून समुद्राला जातो; पलीकडे पडलेला भीमेतून पंढरीला, चंद्रभागा होऊन. इंद्रायणीही याच कण्यावर, लोणावळ्याजवळ उगम पावते आणि तुळापूरला भीमेत मिळते. तिची उपनदी आंध्रा. तिचे ठोकरवाडी धरणात अडवलेले पाणी १९२२ पासून भिवपुरीच्या वीजघरातून खाली कर्जतकडे उतरते, म्हणून आमची पेज नदी उन्हाळ्यातही वाहते. वडील म्हणत, "पंढरीला निघालेलं पाणी देवानं अर्ध्या वाटेतून आपल्याकडे धाडलंय. बांध फुटू देऊ नकोस."

भीमेच्या उगमाशी आले की ते हात जोडून म्हणायचे, "तू हो पुढं, कार्तिकीला येतोच मी."

गेली दोन वर्षे गुडघे ऐकत नाहीत. घाट सुटला, दिंडीही सुटली. गाडीने नेतो म्हटले तर नुसती मान हलवतात. यंदा श्रावणात मी एकटाच निघालो, तेव्हा त्यांनी निरोप दिला. तोच, एक शब्द न बदलता. उगमाशी वाकून मी तो पाण्याला सांगितला. मागे माणसे खोळंबली होती, म्हणून जरा घाईतच.