शुक्रवारचे व्रत

गोवर लहानपणी निघालेला बरा. मोठेपणी निघाला की तो फार छळतो. छंदांचेही तसेच आहे. मला जपानी चित्रमालिकांचा गोवर निघाला तो वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. या मालिकांना 'अ‍ॅनिमे' म्हणतात हे मला आता ठाऊक आहे. २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत मी त्यांना सरसकट 'कार्टून' म्हणत असे, आणि तो शब्द उच्चारताना माझे नाक किंचित वर जात असे.

आमची कन्या त्या वेळी चोवीस वर्षांची होती. नोकरी सोडून जर्मनीला पुढे शिकायला जायचे तिच्या मनात होते, आणि त्यासाठी जर्मन भाषेच्या परीक्षा चालल्या होत्या. तिच्या खोलीचे दार सदा लोटलेले. दाराआडून कधी जर्मन ऐकू येई, कधी जपानी. मराठी तेवढे ऐकू येत नसे.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. शुक्रवार होता. गणपती गेलेले, मखर रिकामे, आणि त्यात तिच्या खोलीत इंटरनेट पोहोचेनासे झाले. ती नाइलाजाने बैठकीच्या खोलीत आली आणि मोठ्या टीव्हीसमोर बसली. माझी बातम्यांची वेळ होती. "बाबा, आज पहिल्या दिवशी चार भाग एकदम आहेत," ती म्हणाली. "तुम्ही आत बसा हवं तर." आत बसायला सांगितले की माणूस बाहेर बसतो. मी बसलो.

मालिकेचे नाव 'फ्रीरेन'. फ्रीरेन ही हजार वर्षांहून अधिक जगलेली, लांब कानांची जादूगारीण. दैत्यांच्या राजाला मारायला निघालेल्या हिमेल नावाच्या वीराबरोबर ती दहा वर्षे हिंडते. आपल्याकडे गोष्ट दैत्य मेला की संपते. इथे दैत्य मेल्यावर सुरू होते. ही बाई "पुन्हा भेटू" म्हणून निघून जाते आणि पन्नास वर्षांनी परतते. तिच्या हिशेबी पन्नास वर्षे म्हणजे एक डुलकी. हिमेल तोवर म्हातारा झालेला असतो, आणि थोड्याच दिवसांत मरतो. त्याला मूठमाती देताना तिला रडू फुटते: दहा वर्षे बरोबर राहिले, आणि याला ओळखून घ्यायचा प्रयत्नसुद्धा मी केला नाही!

मी चष्मा पुसला. तो खरोखरच धुरकटला होता.

तेव्हापासून आमच्याकडे शुक्रवारचे व्रत सुरू झाले. शुक्रवार म्हणजे चणे-फुटाण्यांचा वार. फुटाण्यांची वाटी मधे ठेवायची आणि दोघांनी दोन बाजूंना बसायचे. हळूहळू मला या व्रताचे शास्त्रही कळू लागले. आपल्याकडे खरीप आणि रब्बी अशी दोन पिके. जपानात मालिकांची चार. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत नवी पेरणी होते. एका पिकात साधारण बारा-तेरा भाग, आणि भाग सुमारे चोवीस मिनिटांचा. ओसामू तेझुका यांची 'अ‍ॅस्ट्रो बॉय' १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली, आणि दर आठवड्याला अर्ध्या तासाची चित्रकथा देण्याचा हा परिपाठ रुळला. म्हणजे हे व्रत माझ्याहून वयाने थोडे मोठेच निघाले.

कन्येने एक दिवस मला आणखी एक धक्का दिला. १९९३ साली दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागत असे. भाच्यांना सोबत म्हणून मी तो बघत असे, आणि भाचे नसले तरी बघत असे. तो मोगली १९८९ सालचा, आणि जपानी! गुलजारांच्या शब्दांतले त्याचे शीर्षकगीत गुणगुणत मी दाढी केली आहे. तीस वर्षांपूर्वीच आपण या पंथाची दीक्षा घेतली होती, हे कळल्यावर नाक वर करायला जागा उरली नाही.

मग शनिवार-रविवारही गेले. 'स्पाय फॅमिली'चे दुसरे पर्व त्याच ऑक्टोबरात आले. बाप गुप्तहेर, आई मारेकरी, आणि दत्तक घेतलेल्या चिमुरड्या आन्याला दुसऱ्याच्या मनातले ऐकू येते. नवरा-बायकोला एकमेकांची खरी ओळख नाही. पोरीला मात्र दोघांचेही सगळे ठाऊक. प्रथम हसलो. नंतर वाटले, यात कल्पित ते काय? सगळ्याच घरांत असेच असते.

'द अपॉथेकरी डायरीज'ने तर सौभाग्यवतींनाही ओढले. जुन्या चीनसारख्या एका राज्यातला राणीवसा, आणि तिथे दासी म्हणून आलेली माओमाओ ही औषधे जाणणारी मुलगी. राण्यांची तान्ही मुले एकामागून एक का दगावतात हे राजवैद्यांना उमगत नाही. ते हिला कळते. चेहऱ्याला लावायच्या पांढऱ्या पावडरीत शिसे असते. सौ. म्हणाल्या, "बघा, बाई बोलत नाही म्हणजे तिला कळत नाही असं नसतं." मी फुटाण्यांची वाटी त्यांच्याकडे सरकवली. एक मात्र सांगतो, त्यातला तो जिन्शी नावाचा देखणा अधिकारी मला मुळीच पसंत नाही. कामावर असलेल्या माणसाच्या चेहऱ्याभोवती इतक्या चांदण्या चमकू नयेत. आणि 'फ्रीरेन'मध्ये पुढे जादूगारांची परीक्षा सुरू झाली, तेव्हा इतके परीक्षार्थी आले की मला हजेरीपट घ्यावासा वाटला.

दिवाळीत १० नोव्हेंबरला, धनत्रयोदशीच्याच शुक्रवारी, फ्रीरेनने तराजूवाल्या राक्षसिणीला हरवले. हजार वर्षे आपले बळ झाकून ठेवलेली ती बाई तराजूत उतरली, आणि पारडे उलटले. आम्ही दोघे ओरडलो, आणि स्वयंपाकघरात एक करंजी करपली. नरकचतुर्दशीला मी पहाटे उठलो तर कन्या आधीच गॅलरीत. ही मुलगी आयुष्यात आपणहून पहाटे उठल्याचे मला आठवत नव्हते. "फ्रीरेनपण उठली होती ना सूर्योदय बघायला," ती म्हणाली. खरेच. फ्रीरेनला त्या सूर्योदयात विशेष काही दिसत नाही. पण शेजारी उभी असलेली तिची शिष्या फेर्न हसते, आणि तिला तेवढे पुरते. आम्ही चहा पीत उभे राहिलो. मीही आकाशाकडे फारसे पाहिले नाही.

डिसेंबरात एका शुक्रवारी तिने वाटीतले फुटाणे निवडता निवडता सांगितले, "माझं वर्ष गेलं होतं ना, तेव्हा मला रात्रीची झोपच यायची नाही. मग हेच बघत बसायची. पुढच्या भागात काय होतं ते बघायचं असायचं. तेवढ्यावर आठवडा निघायचा."

२०१९ साली, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात, ती नापास झाली होती. त्या वेळी मी काय केले ते मला स्वच्छ आठवते. कार्टून बघून कोणी इंजिनिअर झाल्याचे ऐकिवात नाही, असे म्हणून मी महिनाभर घरातले इंटरनेट बंद करून टाकले होते.

"आणि मी ते बंद केलं तेव्हा?"

"मैत्रिणीकडे जायची. तुम्हाला वाटायचं, अभ्यासाला जाते."

ती हसली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, हेच मला जड गेले. एका भिंतीपलीकडे आपली मुलगी रात्र रात्र जागी आहे, याचा मला पत्ता नव्हता. फ्रीरेनने दहा वर्षे घालवली, मी चोवीस. पुन्हा त्या बाईपाशी हजार वर्षांची सबब तरी होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो. तिने माझ्या हातावर चार फुटाणे ठेवले आणि पुढचा भाग लावला.

त्या मालिकेतली नावे जर्मन आहेत, हे मला तिनेच सांगितले. हिमेल म्हणजे आकाश, आयझेन म्हणजे लोखंड, श्टार्क म्हणजे बळकट. "आणि फेर्न?" मी विचारले. "फेर्न म्हणजे दूर," ती म्हणाली, आणि आम्ही दोघेही टीव्हीकडे पाहू लागलो. तिच्या प्रवेशाचे पत्र त्याच आठवड्यात आले होते.

२०२४ च्या मार्चच्या आरंभी ती गेली. विमानतळावर मी इतका रडलो की एका अनोळखी गृहस्थांनी मला पाण्याची बाटली दिली. २२ मार्चला 'फ्रीरेन'चा अठ्ठाविसावा, त्या पर्वाचा शेवटचा भाग आला. मी इथे फुटाणे घेऊन बसलो. तिच्याकडे दुपार होती. त्या भागात कळते की फ्रीरेन माणसांचा निरोप इतक्या सहज का घेते. हिमेलने तिला सांगितलेले असते: निरोप घेताना रडारड करू नये, कारण पुढे भेट होतेच, आणि मग उगाच लाज वाटते.

भाग संपताच फोन वाजला.

"बाबा, पाहिलात?"

"पाहिला."

"मग आता भेटल्यावर तुम्हाला लाज वाटेल ना?"

"तुला नाही वाटणार? तूही काही कमी रडली नाहीस."

यंदा दिवाळीला ती येते आहे. सौ.नी करंज्यांचे सारण करून ठेवले आहे. विमानतळावर पहिले वाक्य काय बोलावे, याची मी तालीम करतो आहे. तिच्या खोलीपर्यंत न पोहोचणारे इंटरनेट ती गेल्यावर मी दुरुस्त करून घेतले होते. ती यायच्या आत ते पुन्हा बिघडवता येईल का, एवढीच आता विवंचना आहे.