हात आखूड असलेली मुलगी

सॉफ्टबॉल हा खेळ आपल्या खान्देशाला नवा नाही. शालेय स्पर्धांत तो असतो, आणि शहादा-तळोद्याकडे फिरताना एखाद्या शाळेच्या मैदानावर मुली बॅट घेऊन उभ्या दिसतात. लांबून पाहणाऱ्याला ते क्रिकेटच वाटते. पण जरा जवळ जाऊन चेंडू टाकणारीकडे पाहावे. ती पळत येत नाही. जागेवरून एक पाऊल टाकते, हात रहाटासारखा पुरा फिरवते आणि कमरेजवळून, खालून चेंडू सोडते. तिला पिचर म्हणतात. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची; इथे मोठ्या मुलींच्या खेळात पिचरपासून घरच्या पाटापर्यंत ४३ फूट. चांगल्या पिचरचा चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. मारणारीला विचार करायला अर्धा सेकंदही मिळत नाही.

ज्यांनी ज्वारीत माळ्यावर उभे राहून गोफण फिरवली आहे, त्यांना यातले मर्म सांगायला नको. नुसता दंडाचा जोर कामाचा नाही. दोरी कोणत्या क्षणी सोडायची, त्यावर सारे. जरा आधी सुटली की दगड शेजाऱ्याच्या वावरात.

मी पडलो कृषी विस्तार अधिकारी. खेळातले मला फार कळते असे नाही. पण या खेळातल्या एका बाईची हकीकत मला इतकी भावली, की फवारणीचे बोलायला गेलो तरी ज्या घरी खेळणारी मुलगी असेल तिथे ती सांगून येतो. लिसा फर्नांडिस तिचे नाव. १९७१ सालचा जन्म, गाव अमेरिकेतले लाँग बीच. वडील क्युबातून आलेले, तिथे बेसबॉल खेळलेले. आईचे मूळ पोर्टो रिकोचे.

आठव्या वर्षी पोरीने पहिल्या सामन्यात चेंडू टाकले ते असे, की वीसेक जणींना फुकट पुढे जाऊ दिले आणि जवळपास तितक्याच जणींच्या अंगावर चेंडू घातले. बाराव्या वर्षी तिला एका नावाजलेल्या शिक्षकाकडे नेले. त्याने पाहून निकाल दिला, की हिच्या शरीराची ठेवण या कामाची नाही, हात आखूड आहेत, ही मोठी पिचर होणार नाही. घरी आईने मुलीला बजावले, की तुला काय जमणार नाही हे दुसऱ्या कुणाला ठरवू देऊ नकोस.

हे ऐकले की मला आमच्या खात्याचा धंदा आठवतो. बांधावर उभे राहून ‘जमीन हलकी आहे’ म्हणायला काय लागते? त्या हलक्या जमिनीत काय येईल हे सांगता आले, तर पगार घेतल्याचे सार्थक.

पुढे लिसा लॉस एंजलिसच्या विद्यापीठात गेली. १९९० ते १९९३ या चार वर्षांत पिचर म्हणून ९३ सामने जिंकले, हरले फक्त ७. दोनदा राष्ट्रीय विजेतेपद. १९९३ साली तर चेंडू टाकण्यातही देशात पहिली आणि मारण्यातही पहिली.

१९९६ साली सॉफ्टबॉल प्रथमच ऑलिंपिकमध्ये आला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध हिने नऊ डाव एकीलाही पाटावर पोहोचू दिले नाही. तिच्याच संघातल्या मुलीने चेंडू मैदानाबाहेर मारला होता, पण परत येताना घरच्या पाटाला पाय लावायचा राहिला आणि ती धाव गेली. दहाव्या डावात शेवटची मारणारी उरली असताना तिने चेंडू बाहेर भिरकावला, आणि सामना २-१ असा हातचा गेला. पिकलेले शेत आदल्या रात्री गारपिटीने जावे, तसे. तरी त्या वर्षी सुवर्णपदक अमेरिकेलाच मिळाले, आणि अंतिम सामन्याचे शेवटचे चेंडू हिनेच टाकले. पुढे २००० आणि २००४ सालीही सुवर्ण.

मला अधिक मोल वाटते ते त्यापुढच्या कामाचे. खेळत असतानाच १९९७ ते १९९९ ती आपल्या विद्यापीठात शिकवीत होती, आणि २००७ पासून तिथेच पिचर घडवते आहे. २०१० आणि २०१९ साली तिथल्या मुलींनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पदके कपाटात ठेवून रोज दुसऱ्याच्या मुलीचे मनगट कसे वळते ते पाहत उभे राहायचे, हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

मागच्या हंगामात मी एका शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून हे सांगत होतो. त्याची नववीतली मुलगी शाळेच्या संघात पिचर. अंगाने लहान, म्हणून कुणीतरी तिला ‘हिचे काही खरे नाही’ असे ऐकवलेही होते. विभागाची स्पर्धा नेमकी मिरचीच्या तोड्यात आलेली. तीन दिवस दोन हात कमी, मजुरीचा भाव तर तुम्हाला ठाऊक आहे.

“खेळीसन काय भेटी, साहेब?” त्याने विचारले.

मी म्हटले, “भाऊ, भेटेलच असे लिहून कोण देईल? पण शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव असतात, हे खरे.” तो गप्प राहिला. नोकरीच्या आश्वासनांनी त्याचे दोन पुतणे म्हातारे व्हायला आले होते, त्याला मी काय सांगणार?

मुलगी दाराआड उभी होती. तिची आई चुलीपाशी भाकरी थापत सारे ऐकत होती. तिने मान वर न करता विचारले, “त्या पोरीची आई काय करत होती म्हणालात?”

मी पुन्हा सांगितले. तिने भाकरी उलटली. मग म्हणाली, “साहेब, तोडा दोन-तीन दिवस पुढे नेला तर मिरची खराब होते का?”

मी आभाळाकडे पाहिले. म्हटले, “पाऊस नसला तर लाल मिरची तेवढे दिवस झाडावर राहू शकते, बाई. काही बिघडत नाही.”