बॉयकॉट कुणावर?

चि. प्रिय भाचीस,


होस्टेलवर तुमच्या मजल्याने एका मुलीला ‘बॉयकॉट’ केलंय, असं तू कळवलंस. तिच्याशी कुणी बोलायचं नाही, मेसमध्ये शेजारी बसायचं नाही. वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून हे लिहिते आहे.

बॉयकॉट हे मुळात एका माणसाचं आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. नापिकीने गांजलेल्या कुळांनी १८८० साली खंडात सूट मागितली. हवी तेवढी मिळाली नाही, उलट जमिनी खाली करायच्या नोटिसा निघाल्या. त्याच सुमारास एनिसच्या सभेत आयरिश नेते पार्नेल यांनी सांगितलं होतं, की हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला एकटं पाडा. मेयोतल्या लोकांनी तेच अस्त्र कारभाऱ्यावर चालवलं. गडीमाणसं काम सोडून गेली, दुकानदार सामान देईनात, पीक शेतात उभंच. ते काढायला अल्स्टरहून ५० मजूर आणावे लागले आणि त्यांच्या राखणीला हजाराच्या आसपास सैनिक-पोलीस! ५०० पौंडांच्या पिकापायी १०,००० पौंड गेले, असा तेव्हाचा अंदाज. डिसेंबरात बॉयकॉटने आयर्लंड सोडलं. वाळीत टाकण्यासाठीचा ‘ऑस्ट्रसाइझ’ हा जड इंग्रजी शब्द शेतकऱ्यांना कळायचा नाही, म्हणून फादर जॉन ओमॅली यांनी या आडनावाचंच क्रियापद सुचवलं. वर्ष संपायच्या आत ते वर्तमानपत्रांत रुळलंसुद्धा.

यात कोण कुणाविरुद्ध उभं होतं, ते बघ. हाती काहीच नसलेली कुळं, आणि समोर फौज पाठीशी असलेला माणूस. टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कारही असाच, दुबळ्याने बलवानावर घातलेला. पण आपल्याकडचं वाळीत टाकणं त्याहून फार जुनं आणि नेमकं उलटं: जातपंचायतीने एका घराचं येणंजाणं तोडायचं, गावाने दलितवस्तीचं पाणी. बाबासाहेबांनी १९२७ साली सुरू केलेल्या पाक्षिकाचं नाव ‘बहिष्कृत भारत’ होतं. जातीने किंवा समाजाने असं कुणाला वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैदेचा.

त्या मुलीने कुणाची जमीन हिरावलेली नाही. तिच्यामागे फौज तर सोडच, एक मैत्रीणही उरलेली नाही. तिचं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगा, भांडा. पण आज रात्री जेवताना तिच्या शेजारी जाऊन बस. बाकीच्या तुझ्यावर रागावल्या तर मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझी,
मावशी