पत्रा आणि पंचम

चिरंजीव भाच्यास,

हेवी मेटल कशाला म्हणावे हे ठरल्याखेरीज सर्वांत थोर हेवी मेटल बँड कोणता हे ठरवता येत नाही, आणि चिरंजीवांनी पाठविलेल्या दहा नावांच्या यादीतला मूळ दोष हाच आहे की तिच्यात निकाल आहे पण निकष नाही. पहिला क्रमांक मेटॅलिका, दुसरा स्लेयर, तिसरा आयर्न मेडन, आणि ब्लॅक सॅबथ सातव्या स्थानी, तेही ‘ऐतिहासिक महत्त्वामुळे, एरवी फार संथ वाटतात’ अशी टीप जोडून. घरातल्या वडीलधाऱ्याला मानाचा नारळ द्यावा आणि शेवटच्या पंगतीला बसवावे, तसा हा प्रकार झाला. मतभेद क्रमांकापुरता असता तर पत्रलेखकाने तो हसून सोडला असता. परंतु ‘संथ’ हा शब्द दोष म्हणून वापरलेला पाहून, आणि त्याहून अधिक त्याच पत्राच्या अखेरीस ताजा कलम म्हणून घातलेल्या दोन ओळी वाचून, उत्तर लिहिणे भाग पडले आहे. त्या दोन ओळींकडे येणे होईलच.

‘हेवी’ या विशेषणाचा अर्थ जड असा आहे, वेगवान असा नाही, इतके तरी यादी करणाऱ्याने लक्षात घ्यायला हवे होते. हा शब्दप्रयोग संगीतात आला तो आडवाटेने: विल्यम बरोज यांच्या १९६१ च्या ‘द सॉफ्ट मशीन’ या कादंबरीत तो एका पात्राच्या नावात आहे, १९६८ मध्ये स्टेपनवुल्फ या बँडच्या एका गाण्यात तो मोटारसायकलीच्या गडगडाटासाठी आला, आणि १९७० नंतर अमेरिकी समीक्षकांनी तो एका विशिष्ट प्रकारच्या संगीताला लावला, तोही पुष्कळदा नाक मुरडूनच. नाव शिवीसारखे पडले आणि पुढे बिरुद झाले, हे मराठी वाङ्मयात वावरणाऱ्याला नवीन वाटू नये.

या जडपणामागे भौतिकशास्त्र आहे, आणि ते चिरंजीवांना तंबोऱ्याच्या आधारे समजावे, कारण आजोबांचा मिरजेचा तंबोरा अजून त्यांच्याच खोलीत उभा आहे (गवसणीत असावा अशी आशा आहे). ध्वनिवर्धकाला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त जोराचा संदेश दिला की तो लहरींचे माथे छाटून टाकतो, आणि छाटलेल्या लहरीतून मुळात नसलेले स्वर उपजतात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ मध्ये हाच खरखरीत नाद मिळवण्यासाठी स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला होता. आता अशा छाटणाऱ्या यंत्रात दोन स्वर एकदम सोडले, तर त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी यांचेही स्वर बाहेर पडतात, त्यामुळे तीन-चार स्वरांची भरगच्च स्वरसंगती तिथे गढूळ होते. निर्मळ राहते ती षड्ज-पंचमाची जोडी, जिला गिटारवादक पॉवर कॉर्ड म्हणतात. षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण दोनास तीन असल्यामुळे त्यांची वजाबाकी एक येते, म्हणजे षड्जाच्या बरोबर निम्मी. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते, तिचा पंचम सुमारे १२३, आणि फरक ४१. हा खर्ज गिटारवर कुठेच नाही, तो कोणी छेडलेला नसतो, तरी तो छातीवर येऊन आदळतो. तंबोऱ्याच्या जवारीतून न छेडलेला गांधार ऐकू येतो असे आजोबा सांगत, आणि इथे त्याच न्यायाने न छेडलेला खर्ज ऐकू येतो. पॉवर कॉर्डमध्ये गांधार घेतलाच जात नाही, म्हणून ती हसरी की उदास हे तिच्यावरून ठरत नाही, तिला केवळ वजन असते. रॉबर्ट वॉल्सर या अभ्यासकाने १९९३ च्या ‘रनिंग विथ द डेव्हिल’ या ग्रंथात मेटलचे सारे शास्त्र सामर्थ्याच्या अनुभवाभोवती मांडले आहे आणि त्याचा पाया याच ध्वनिविशेषात शोधला आहे. तो ग्रंथ चिरंजीवांना दोन वर्षांपूर्वी दिला होता, त्याची पाने अजून कापलेली नसावीत असे यादीवरून दिसते.

ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाला. त्याचे वादन १९६९ च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये एका दिवसात ध्वनिमुद्रित झाले होते. बँडचेच नाव असलेल्या पहिल्या गाण्यात पावसाचा आणि चर्चच्या घंटेचा आवाज संपला की तीन स्वर येतात: षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. युरोपच्या संगीतशास्त्रात षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंतच्या अंतराला ‘संगीतातला सैतान’ असे नाव होते, आणि मध्ययुगात चर्चने त्यावर बंदी घातली होती अशी एक दंतकथा चाहते मोठ्या हौसेने सांगतात. तसा हुकूम कुठेही सापडलेला नाही, तेव्हा चिरंजीवांनी ती यापुढे सांगू नये. यमन ऐकत वाढलेल्या कानाला तर तीव्र मध्यमाचे भय वाटण्याचे कारणच नाही. फरक असा की यमनात तो पंचमाकडे झुकतो आणि तिथे विसावतो, तर या गाण्यात त्याला विसावाच दिलेला नाही. तो कंप पावत, लोंबकळत राहतो, आणि लय इतकी विलंबित आहे की पुढच्या आवर्तनाची वाट पाहताना ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. हीच रचना दुप्पट वेगाने वाजवली तर ती गमतीदार वाटेल. उस्ताद अमीर खाँ यांच्या अतिविलंबित झुमऱ्यात जो भार आहे तो द्रुत तराण्यात येत नाही, आणि म्हणून तराणा वाईट ठरत नाही. परंतु गायकाची परीक्षा विलंबितातच होते, हे या घरात कोणाला सांगावे लागू नये. हल्ली गणपतीतल्या ढोलपथकांपासून कीर्तनाच्या चक्रीपर्यंत सर्वांनाच द्रुताची घाई झाली आहे, रिकाम्या जागेची लोकांना भीती वाटू लागली आहे, आणि ही भीती संगीतापुरती थांबत नाही, हे पत्रलेखकाचे जुने मत चिरंजीवांच्या परिचयाचे आहे. ते इथे आवरलेले बरे.

ही जडता आली कुठून याचे उत्तर बर्मिंगहॅममध्ये, त्यातही ॲस्टन या कामगारवस्तीत मिळते. सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी हे बर्मिंगहॅममधल्या एका पत्रा-कारखान्यात वेल्डर होते. वयाच्या १७ व्या वर्षी, नोकरीच्या अखेरच्या दिवशी, प्रेसवरचा कामगार आला नाही म्हणून त्यांना त्या यंत्रावर बसवण्यात आले. दुपारच्या सुट्टीत घरी गेल्यावर परत जाऊच नये असे त्यांच्या मनात आले होते, पण दिवस पुरा करून ये असे आईने बजावले. त्या दुपारी प्रेसमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. आयोमी डावखुरे असल्यामुळे उजवा हात हाच त्यांचा तारा दाबण्याचा हात होता. कारखान्याच्या व्यवस्थापकाने त्यांना जँगो राइनहार्ट यांची रेकॉर्ड ऐकवली, ज्यांची दोन बोटे आगीत भाजून निकामी झाली होती आणि तरीही जे जॅझ गिटारचे दैवत ठरले. मग आयोमींनी भांडी घासण्याच्या द्रावणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडवली, त्यांवर कातडे चिकटवले, बॅन्जोच्या बारीक तारा गिटारला लावल्या, आणि पुढे तारा उतरवल्या: १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या तिसऱ्या अल्बममध्ये बरीच गाणी तीन अर्धस्वर खाली लावलेल्या गिटारवर आहेत. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे तीन अर्धस्वर उतरवले की ताण सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. टोपण घातलेल्या बोटाला तार वाकवणे सोपे जाते आणि षड्ज आपोआप मंद्राकडे सरकतो. आज मेटल वाजवणारे पुष्कळजण तारा उतरवतात, आणि त्यातल्या अनेकांना ही युक्ती वेदनेतून निघाली याची जाणीवही नसते.

या निकषावर इतर नावे झटपट निकालात निघतात. लेड झेपेलिन हा थोर बँड खरा, परंतु त्याचा जीव ब्लूजमध्ये आणि लोकगीतांत गुंतलेला होता. मेटल हे त्याच्या अनेक खोल्यांपैकी एका खोलीचे नाव. ज्युडास प्रीस्ट यांनी त्याच बर्मिंगहॅम परिसरातून येऊन मेटलमधला उरलासुरला ब्लूज झटकला, दोन गिटारांची जोडी धारदार केली आणि चामड्याचा वेष दिला. १९८० च्या अल्बमचे ‘ब्रिटिश स्टील’ हे नाव पाहिले तरी तो परिसर दिसतो. आयर्न मेडनविषयी तक्रार नाही, स्टीव्ह हॅरिस यांच्या बासची घोडदौड ऐकून ज्याचा पाय हलत नाही त्याने वैद्याकडे जावे. स्लेयरचा १९८६ चा ‘रेन इन ब्लड’ अर्ध्या तासाच्या आत संपतो आणि त्यातल्या वेगाला खरोखर वजन आहे, हे मान्य. मेटॅलिकाचे १९८६ पर्यंतचे तीन अल्बम यादीत कितीही वर ठेवावेत. परंतु ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनच्याच व्हिला पार्क मैदानात काय घडले ते पाहावे. मेटॅलिका, स्लेयर, अँथ्रॅक्स, पँटेरा, गोजिरा, टूल अशी चिरंजीवांची जवळजवळ सबंध यादी तिथे हजर होती, आणि त्यांतल्या बहुतेकांनी स्वतःच्या गाण्यांबरोबर सॅबथची किंवा त्यांचे गायक ओझी ऑस्बोर्न यांची गाणी वाजवली. ओझींना उभे राहवत नव्हते, ते सिंहासनावर बसून गायले, आणि सॅबथचे मूळचे चौघे वीस वर्षांनी एकत्र वाजले. त्यानंतर १७ दिवसांनी ओझी गेले. ज्यांना यादीत वर बसवले आहे तेच सातव्या क्रमांकासमोर हात जोडून उभे होते, याचा अर्थ यादीकाराने लावावा.  

आता ताज्या कलमाविषयी. ऑपरेटर गावी गेल्यामुळे गेला आठवडाभर चिरंजीवांना टूलरूममधून काढून पॉवर प्रेसवर उभे केले आहे, प्रॉडक्शन मिळत नाही म्हणून सुपरवायझरने सेन्सर बंद करून ठेवला आहे, आणि ‘गेलेच एखादे बोट तर आयोमीसारखे टोपण घालू’, असे त्या दोन ओळींत म्हटले आहे, पुढे हसरा चेहरा काढून. प्रेसच्या तोंडाशी हात असेल तर ठोका थांबवणे एवढेच सेन्सरचे काम असते; तो बंद केला की तासाला चार जॉब जास्त पडतात आणि दर ठोक्याला बोटे पणाला लागतात. यंत्राच्या धोक्याच्या भागाला आडोसा असलाच पाहिजे, असे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमानेच ठरवून दिले होते. टूलरूममध्ये डाय घासणाऱ्याला हे ठाऊक नाही असे होणे शक्य नाही, आणि म्हणूनच तो विनोद वाचून पत्रलेखकाला रात्रभर झोप लागलेली नाही.

आयोमींची कथा वारंवार सांगून ती गोड करून टाकण्यात घरातल्याच वडीलधाऱ्यांचा हातभार आहे, ही कबुली इथे द्यावी लागते. अपघातातून संगीत जन्मले असे एका दिवाळीत गच्चीवर सांगितले गेले तेव्हा चिरंजीव दहा वर्षांचे होते आणि बोटाला सुतळी गुंडाळून खराट्यावर वाजवत होते. परंतु बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत बोटे गमावणारे आयोमी एकटे नव्हते, आणि इतरांच्या नावावर एकही अल्बम नाही. त्यांच्या बोटांना टोपणे मिळाली नाहीत, त्यांना रेकॉर्ड आणून कोणी ऐकवली नाही; ते घरी बसले, किंवा उरलेल्या बोटांनी झाडू मारू लागले. शिवाय चिरंजीव उजव्या हाताचे. उजवे बोट गेले तर प्लेक्ट्रम धरता येणार नाही, डावे गेले तर तार दाबता येणार नाही, आणि प्रेसच्या तोंडाशी पत्रा सरकवताना दोन्ही हात पुढे असतात. हा हिशेब रात्री पुन्हा पुन्हा मांडून झाला आहे.

सेन्सर सुरू नसेल तर यंत्राला हात लावू नये, सुपरवायझर रागावला तर रागावू द्यावे, टूलरूममधून प्रेसवर पाठवल्याचे लेखी मागावे, आणि ते मिळेपर्यंत आजारी असल्याचे कळवून घरी बसावे. पगार कापला गेला तर तो मामाकडून येईल, आणि त्याची वाच्यता होणार नाही. घरातल्या आक्कांना यातले काहीही सांगितलेले नाही. त्यांना वाटते की हे पत्र यादीविषयी आहे.

यादी सोबत परत पाठविली आहे, तिच्यावर पेन्सिलीने काही खुणा आहेत, त्या खोडल्या तरी चालतील. सेन्सरचे काय झाले ते मात्र शनिवारी दुपारची शिफ्ट सुटल्याबरोबर फोनवर कळवावे, आणि फोन स्वतःच करावा.

मामाचे आशीर्वाद.