तिसऱ्या दिवसाची साक्ष

पडघा, ता. भिवंडी
ईस्टरचा आठवडा

तात्या,


तुमचा आक्षेप नेमका आहे. ज्ञानोबांची संजीवन समाधी आणि तुकोबांचे सदेह वैकुंठगमन यांना तुम्ही भक्तांची श्रद्धा म्हणता, इतिहास म्हणत नाही. मग येशू तिसऱ्या दिवशी उठला हे मी घडलेली गोष्ट म्हणून का सांगतो? माप एकच हवे, हे मला मान्य. वारकऱ्यांच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे आणि तिला खोटे पाडण्यात मला रस नाही. मला एवढेच पाहायचे आहे की त्या त्या काळच्या माणसांच्या मनात आधीपासून काय होते. योगी समाधी घेतो, संताला न्यायला विमान येते, हे सांगायला शब्द आणि कल्पना आपल्याकडे तयार होत्या. येशूच्या शिष्यांजवळ नेमके हेच नव्हते. झाडाला टांगलेला माणूस शापित, असे त्यांचेच धर्मशास्त्र सांगत होते. मेलेले उठतील हे बऱ्याच यहुद्यांना मान्य होते, पण जगाच्या शेवटी आणि सगळे एकदम. मधेच एकटा माणूस कबरीतून उठेल असे कोणी धरून चालले नव्हते. पुढे इ. स. 135 मध्ये यहुदी बंडाचा पुढारी बार कोखबा मारला गेला. त्यालाही मसीहा मानणारे होते, पण तो उठला असे कोणी म्हटले नाही. बंड तिथेच संपले. येशूचे अनुयायी मात्र जिथे त्याला मारले त्याच यरुशलेमेत उघडपणे बोलू लागले. हे कशामुळे झाले, याचे उत्तर न मानणाऱ्यालाही द्यावे लागते.

तुम्ही म्हणता, दुःखाने पिचलेल्या मनाला भास होतात. होतात, हे खरेच. पण गेलेले माणूस दिसले की आपण काय म्हणतो? त्याचा आत्मा देवापाशी सुखरूप आहे. शिष्यांनाही तेवढे म्हणता आले असते, आणि त्यासाठी कोणी त्यांच्या जिवावर उठले नसते. त्यांनी म्हटले देह उठला. शिवाय आपल्याला येशू दिसला असे सांगणारा पौल दुःखात नव्हता, तो या मंडळींचा छळ करत होता. येशूचा भाऊ याकोब त्याच्या हयातीत विश्वास ठेवणाऱ्यांत नव्हता. तोच पुढे यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी झाला आणि सुमारे इ. स. 62 मध्ये दगडमाराने मेला. ही शेवटची नोंद ख्रिस्ती माणसाची नाही, यहुदी इतिहासकार जोसेफसची आहे.

दंतकथा वाढायला वेळ लागतो, तो इथे फारसा मिळत नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिले ते सुमारे इ. स. 55 मध्ये, क्रुसानंतर पंचवीसेक वर्षांनी. त्यात तो साक्षीदारांची यादी देतो आणि ती आपल्याला मिळालेली आहे असे सांगतो. पेत्र आणि याकोब यांना तो त्याच्या कितीतरी आधी यरुशलेमेत भेटला होता. या यादीत स्त्रिया नाहीत, म्हणून स्त्रियांनी पाहिलेल्या रिकाम्या कबरीची गोष्ट मागाहून रचली, असे काही अभ्यासक म्हणतात. मला ते उलटे वाटते. स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये, असे जोसेफसच लिहितो. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्माचा टीकाकार सेल्ससने या गोष्टीची टर उडवली तीही एका भ्रमिष्ट बाईची साक्ष म्हणून. औपचारिक यादीतून स्त्रिया गळणे समजू शकते. पण रचायचेच होते तर मग्दालीया मरीयेला सर्वांत पुढे कोण उभे करील? शुभवर्तमानांत तपशील जुळत नाहीत, हे खरे. स्त्रिया किती, देवदूत एक की दोन, याचा मेळ घालत बसण्याची मला गरज वाटत नाही. पढवलेले साक्षीदार असे बोलत नाहीत.

मेलेला उठत नाही, हा तुमचा सर्वांत जुना मुद्दा. ते येशूच्या कोळी शिष्यांनाही पक्के ठाऊक होते. निसर्ग आपला आपण मेलेल्याला उठवतो, असे ख्रिस्ती माणूस म्हणतच नाही; देवाने उठवले, असे म्हणतो. देव नाहीच असे आधी ठरवले तर कुठलाच पुरावा पुरणार नाही, आणि मग आपला खरा वाद कबरीविषयी उरत नाही. पुरावा माणसाला दारापर्यंत आणतो, यापेक्षा मोठा दावा मी करणार नाही.

एक गोष्ट जाता जाता. हा विश्वास आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, असे तुम्ही लिहिले आहे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस ‘कल्लियाना’ इथल्या बिशपाची नोंद करतो. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ते आपले शेजारचे कल्याण.

राहिला तुमचा प्रश्न, की जळालेला देह कसा उठणार. इ. स. 177 मध्ये लियोंच्या हुतात्म्यांचे देह जाळून त्यांची राख ऱ्होन नदीत टाकली, ती याच हिशेबाने, की आता उठा पाहू. ख्रिस्ती लोक त्याने डगमगले नाहीत, कारण पुनरुत्थान म्हणजे जुने कण गोळा करणे नव्हे. पुनर्जन्मही नव्हे, त्यात माणूस दुसरा होतो. पौल यासाठी बियाचा दाखला देतो. सध्या पडघ्याच्या शिवारात राब भाजून झाले आहेत, उजाड खाचरांत काळे चौकोन दिसतात. मृगाच्या पावसावर त्यांत भात पेरतील. आवणीला मुठीत येणारे हिरवे रोप बियासारखे मुळीच दिसत नाही. मुळापाशी फाटके टरफल चिकटलेले असते तेवढीच ओळख. बी मेलेले नसतेच, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, हा दाखला पुरावा म्हणून नाही. रूप पालटूनही तोच राहणे म्हणजे काय, एवढे तो दाखवतो.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय सवडीने वाचा. पाचशेहून अधिक जणांना येशू एकाच वेळी दिसला, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असे पौल लिहितो, म्हणजे जाऊन विचारता येईल असे. त्याच वाक्यात तो हेही सांगतो की काही जण झोपी गेले आहेत. मेले हा शब्द तो तिथे वापरत नाही.

तुमचा,
पडघ्याचा शेजारी